तळ्यात गोडं पाणी

९ मार्च २०१५

चि. मुंगळ्यास,

अनेक आशीर्वाद. आता तू धरणावरचा मोठा साहेब झालास, हाताखाली माणसं, दाराशी जीप. तरी माझ्या पाकिटाच्या आत तू मुंगळ्याच राहणार. लहानपणी काळा, काटकुळा होतास आणि चावायचास, त्याला मी काय करू? फोन करत जा म्हणतोस. फोनवर तू नुसते हुंकार देतोस आणि दुसऱ्या हाताने सह्या करतोस, हे मला इथे बसून कळतं. पत्र निदान उघडावं तरी लागतं. शिवाय बाबांची नजर गेल्यासारखीच आहे, वाचता येत नाही, पण तुझं पत्र आलं की ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतात आणि मी एखादी ओळ गाळली तर बरोबर पकडतात.

आता कामाचं. तळं फार मागे गेलंय रे. डोंगरातले झरे बारीक झाले, पाऊस येतो तो चार सरी देऊन पळतो आणि उन्हाळा संपता संपत नाही. आपल्या लोकर धुण्याच्या हौदांपासून पाणी इतकं लांब गेलंय की बायका बादल्या वाहून अर्ध्या होतात. मधला चिखल वाळून पांढराफटक पडलाय. वारा सुटला की ती पांढरी धूळ घरात, अंथरुणात, जेवणात. बाबा रात्रभर खोकतात आणि सकाळी विचारलं की अजिबात खोकलो नाही म्हणतात.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. उरलेलं पाणी कडक झालंय. या पाण्यात मुळातच असलेल्या धुण्याच्या सोड्यावर तर आपलं घर चाललं. लोकर बुडवून ठेवली की तिच्यातली चरबी सुटून पाणी दुधासारखं होतं, साबणाचं बोटही लावावं लागत नाही. आता मात्र सोडा इतका वाढलाय की लोकर पिवळी पडते आणि ओढली की तुटते. गालिचेवाल्याने यंदा अर्धे गठ्ठे परत पाठवले. वर निरोप, की ताईंनी आता विश्रांती घ्यावी. माझ्या हातांना भेगा पडल्यात त्या वेगळ्याच.

तर साहेब, तुमच्या कालव्यात एवढं पाणी वाहतं, त्यातलं थोडं आमच्या तळ्यात सोडता येईल का? फार नको. पूर्वीसारखं मऊ होईल इतकंच. हौद बंद पडले तर मी दुसरं काय करणार, मला दुसरं काही येत नाही. आणि बाबांना इथून उठवून कुठे नेणार? तुझ्या तिसऱ्या मजल्यावर? ते तिथे आठ दिवस नुसते गॅलरीत उभे राहतील आणि मग आजारी पडतील.

छकुलीला पापा. तुझ्या बायकोला सांग, मेथीदाण्यासारखा हट्टी नवरा तिने निवडला, आता भोगावं. आमच्यावर जीव आहे तसाच ठेव.

तुझी ताई

४ एप्रिल २०१५

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. ऑफिसात उघडलं आणि शिपायाने पाकिटावरचं अक्षर बघून चहा न सांगता आणला, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघ. मुंगळ्या हे नाव निदान पाकिटाच्या आतच ठेवतेस, याबद्दल आभारी आहे.

पाणी माझ्या खिशातलं नाही, हे तुला माहीत आहे. कालव्याच्या प्रत्येक थेंबावर कुणाची तरी फाईल असते. तुमच्या तळ्याचं नाव कुठल्याच फाईलमध्ये नाही, कारण ते पिण्याच्या कामाचं नाही आणि शेतीच्याही नाही. वरिष्ठांना विचारलं तर त्यांनी विचारलं, की त्या तळ्याचा उपयोग काय. मी लोकर म्हणालो. ते हसले.

पण तुझ्या भेगा आणि बाबांचा खोकला वाचून मला रात्री झोप लागली नाही. नकाशे काढून बसलो. शेतातून निघणारं जादा पाणी आणि गावाचं सांडपाणी वाहून नेणारा एक नाला तळ्याच्या जवळून जातो. त्याला दार बसवलं आणि थोडा चर खोदला, तर पाणी आपोआप तळ्यात उतरेल. कालव्याचंही उरलंसुरलं त्यात सोडता येईल. 'तळ्याचे पुनरुज्जीवन' असं भारदस्त नाव देऊन प्रस्ताव तयार करतोय. असल्या नावाला कोणी नाही म्हणत नाही.

हे होईपर्यंत दोघं इकडे या, असं मी दर वेळी लिहितो आणि तू दर वेळी ती ओळ वाचलीच नाही असं दाखवतेस. याही वेळी लिहितो. बाबांना साष्टांग नमस्कार. हे पत्र त्यांना सगळं वाचून दाखव, हसण्याचं सोडून.

तुझ्या शिव्यांसकट लोभाचा अधिकारी,
धाकटा

२१ जानेवारी २०१६

चि. मुंगळ्यास,

अनेक अनेक आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच. पाणी आलं!

दार उघडलं त्या दिवशी सगळी वस्ती बांधावर. आधी नुसता फेसाळ चिखल आला आणि माझ्या हौदांवरच्या बायका तोंड वाकडं करून तुझ्या नावाने खडे फोडायला लागल्या. मग पाणी. महिन्याभरात वाळलेला पांढरा पट्टा बुडाला, धूळ थांबली, बाबांचा खोकला थांबला. हौदात लोकर घातली तर अगदी जुन्या दिवसांसारखं दूध सुटलं. उचलली तर पांढरी, मऊ, धागा ओढून बघितला तर तुटेना. गालिचेवाला स्वतः आला आणि माझ्या ओट्यावर बसून माझी स्तुती करून गेला. मी चहा दिला, पण दुसरा विचारला नाही.

बाबांचं काय सांगू. काठी टेकत रोज काठावर जातात आणि जो भेटेल त्याला थांबवून सांगतात, की हे पाणी माझ्या मुलाने आणलं. परवा तर ज्याने दार बसवलं त्या गवंड्यालाच सांगत होते. तो बिचारा मान डोलावत राहिला. मुला, आयुष्यभर त्यांनी तुला तोंडावर कधी शाबास म्हटलं नाही. तुझ्या पाठीमागे कसर भरून काढतायत.

पाणी तपासायला शहरातून एक मुलगी येते, गळ्यात दुर्बीण, पिशवीत बाटल्या. तिने एकटीनेच नाक मुरडलं. म्हणाली, इतकं गोडं पाणी या तळ्याला झेपायचं नाही, आणि त्यात सांडपाणी आहे ते तर मुळीच नको. मी तिला म्हटलं, बाई गं, माणूस तहानेने मरत असताना तू त्याच्या सर्दीची काळजी करतेस. बायका खूप हसल्या. ती पण हसली, बाटल्या भरून गेली. पोर चांगली आहे, जेवायला थांबली असती तर बरं झालं असतं.

गुलाबी पक्षी यंदा उशिरा आले, पण आले. छकुलीला दाखवायला आण. तुला ओवाळून टाकावं असं वाटतंय, पण चावशील.

जीव लावून आहेस तसाच राहा.

तुझी ताई

१८ ऑगस्ट २०१६

चि. मुंगळ्यास,

आशीर्वाद. घाईत लिहितेय. पाणी थांबायचं नाव घेत नाही. यंदा वर डोंगरात एकदम ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि नालाही दुथडी भरून तळ्यात उतरतोय. हौद कधीच बुडाले. काल पाणी आपल्या पायऱ्यांशी आलं. बाबा सकाळी नेहमीसारखे निघाले आणि शेवाळावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण कंबर धरून आहेत आणि मला म्हणतात की मुद्दाम बसलो होतो. मला भीती वाटते रे. हे तळं पहिल्यापासून वाडग्यासारखं आहे, येणाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. काहीतरी लवकर कर.

ताई

२६ ऑगस्ट २०१६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं त्याच दिवशी यंत्रं पाठवली. तळ्याच्या पूर्वेला जमीन सखल आहे, तिथे चर खोदून जादा पाणी बाहेर काढतोय. तुला हे पत्र मिळेपर्यंत पायऱ्या मोकळ्या झालेल्या असतील. मंजुरी नंतर येईल, आधी बाबांचे पाय. पहिल्यांदाच मी कागदाच्या आधी काम केलं आणि खरं सांगू, फार बरं वाटलं.

आणखी एक बातमी. तळ्याचं काम वरपर्यंत गाजलं आणि मला बढती मिळतेय. वरिष्ठ, तेच ते हसणारे, त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बाबांना सांग. त्यांना कंबरेला शेक घ्यायला सांग, आणि मुद्दाम पुन्हा बसू नका म्हणावं.

नेहमीसारखी माया असावी.

तुझा धाकटा

११ मार्च २०१७

चि. मुंगळ्यास,

आशीर्वाद. तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं पाठवतेय. हे बाबांना दाखवलेलं नाही, उत्तर देताना ध्यानात ठेव.

लोकर धुतली जात नाही. पायऱ्या मोकळ्या झाल्या, हौद वर आले, मी आनंदाने पहिला गठ्ठा बुडवला. दूध सुटलंच नाही. पाणी बोटांना बुळबुळीत लागायला हवं, तसं लागत नाही. साध्या विहिरीच्या पाण्यासारखं बोटांवरून निघून जातं. लोकर होती तशी तेलकट वर आली. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, दुसऱ्या हौदात बघितलं. शेवटी दुकानातून साबणाची पूड आणली. ती मी पहाटे, बाबा उठायच्या आत हौदात ढवळून ठेवते. त्यांना दिसत नाही, आणि काठावर बसून ते आपले आम्हाला सूचना देत राहतात. गालिचेवाल्याच्या नाकाला मात्र वास आला. त्याला तोच वास नको असतो. त्याने यंदाचा माल घेतला, पुढचं बघू म्हणाला.

पक्षी आले नाहीत. हिरवट साय धरते, तिला नाल्यासारखा वास येतो, आणि संध्याकाळी डास असे की दार उघडता येत नाही.

ती बाटल्यांवाली मुलगी परवा आली. मीच तिला हाताला धरून आत नेलं आणि विचारलं. तिने समजावून सांगितलं. हा सोडा तळ्यात हजारो वर्षं साठत आला होता, कारण पाणी येत होतं आणि फक्त उन्हाने उडत होतं; सोडा मागे राहायचा. गोड्या पाण्याने तो पातळ झाला, तरी तळ्यातच होता. दार बंद केलं असतं तर दहा-पाच उन्हाळ्यांत परत आला असता. पण पूर्वेच्या चरातून तो आता बाहेर वाहून चाललाय, आणि गेलेला परत येत नाही. ती हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला हसले होते, ते तिने एकदाही काढलं नाही.

मुंगळ्या, दार बंद कर. चर बुजव. अजून जे उरलंय ते तरी राहू दे. तूच उघडलंस, तुझं कोणीतरी ऐकेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

३० मार्च २०१७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं. जरा धीर धर. बाटल्या घेऊन फिरणारी माणसं थोडं वाढवून सांगतात. एखाद्या वर्षाने पाणी आपोआप स्थिर होईल असं आमच्याकडच्यांचं मत आहे. साबणाची पूड चांगल्या प्रतीची, बिनवासाची मिळते, मी पाठवतो. दाराचं मी बघतो, पण ते आता एकट्या माझ्या हातात राहिलेलं नाही. सविस्तर नंतर लिहीन.

धाकटा

२ जून २०१७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मागचं पत्र तू चुलीत घातलं असशील तर बरं केलंस. ते मी नाही, माझ्या खुर्चीने लिहिलं होतं. तू उत्तर पाठवलं नाहीस, त्याने जे कळायचं ते कळलं.

त्या मुलीकडे मी स्वतः गेलो. तिने मला तिचे आकडे दाखवले, एकावर एक ठेवून. मी ते पुन्हा पुन्हा मोजून बघितले. जो चर मी बाबांचे पाय घसरू नयेत म्हणून खोदला, त्यानेच तळं रिकामं केलं. पाणी आहे, सोडा गेला. आयुष्यभर मी पाणी एकीकडून दुसरीकडे नेलं आणि त्यात काय आहे हे एकदाही विचारलं नाही.

परवा समितीपुढे उभा राहिलो. दार बंद करा, चर बुजवा, चूक माझी आहे, असं सरळ सांगितलं. मग एकेकाने बोलायला सुरुवात केली. तळ्यात आता मासे सोडलेत आणि त्यांचा ठेका दिला गेलाय. काठावर हॉटेल उभं राहिलंय, त्यांना नौकाविहार हवाय. चराखालच्या शेतांना पाणी मिळतंय. त्या शेतांवर सोड्याचं पांढरं फुटायला लागलंय हे मी सांगितलं. ते म्हणाले, धुऊन जाईल. शेवटी वरिष्ठांनी मायेने सांगितलं, की तुमच्या सेवापुस्तकातली सगळ्यात चांगली नोंद तुम्ही स्वतःच का खोडताय. प्रस्ताव फेटाळला. माझ्या विरुद्ध मताची नोंदसुद्धा घेतली नाही.

ताई, मला झोप नाही. तुझं काम गेलं, ते माझ्यामुळे. बाबा अजून काठावर उभं राहून लोकांना सांगत असतील, की पाणी माझ्या मुलाने आणलं. ते मला सहन होत नाही. या महिन्याच्या शेवटी रजा काढून येतोय. बाबांच्या पायांशी बसून सगळं सांगणार आहे. दार कोणी उघडलं, चर कोणी खोदला, सगळं. त्यांनी काठी मारली तरी चालेल. मारली तर बरंच वाटेल.

रागाव, पण पत्र पाठव.

तुझा धाकटा

१० जून २०१७

चि. मुंगळ्यास,

अनेक आशीर्वाद. मागचं पत्र चुलीत घातलं होतं, खरंय. हे कपाटात ठेवलंय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे. पाणी मी मागितलं. चर खोद असं मी म्हटलं नाही, पण लवकर काहीतरी कर असं लिहिताना माझ्या मनात तेच होतं. तू एकट्याने सगळं ओझं घेऊन बसू नकोस, मोठी मी आहे. आपण दोघांनी त्या तळ्यावर माया केली, आणि मायेने त्याचा जीव घेतला. मी रडून घेतलंय. तू बायकोजवळ रडून घे, ऑफिसात नको.

हौद मी बंद केले. बायकांना गेल्या महिन्यातच बोलावून सांगितलं. एकीने जाताना उगाचच हौद झाडून ठेवला. मला नव्या हॉटेलच्या धुलाईघरात काम मिळालंय. चादरी, टॉवेल, मशिनमध्ये पूड घालायची आणि बटण दाबायचं. पाणी तळ्यातूनच येतं. पगार वेळेवर देतात. भेगा बुजतायत.

आता बाबांचं. ते लिहायला मी चार दिवस लावले.

हौद बंद केले ते मी त्यांना, कामगार मिळत नाहीत, असं सांगितलं होतं. मंगळवारी मी कामावर असताना त्यांनी कोठीतून एका मेंढीची लोकर काढली. छकुलीला गोधडीत भरायला आजोबाच्या हातची लोकर द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. तू येणार हे मी त्यांना सांगितलं होतं ना. काठी टेकत एकटेच हौदाशी गेले, तळ्याचं पाणी भरून घेतलं आणि लोकर बुडवली. त्या पाण्यात पूड नव्हती.

मी संध्याकाळी आले तर ते हौदाच्या काठावर बसलेले, ओलेचिंब, आणि मांडीवर लोकरीचा दगडासारखा घट्ट गोळा. लोकर चोळली की तिचा गोळा होतो हे आपण चालायला शिकायच्या आधी शिकलो. ज्या माणसाने साठ वर्षांत एकदाही लोकर चोळली नाही, त्याने दिवसभर चोळली होती. चरबी निघेना म्हणून.

मला वाटलं आता पाण्याबद्दल विचारतील. मी काय सांगायचं ते मनाशी जुळवत होते. त्यांनी पाण्याबद्दल काहीच विचारलं नाही. हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, की बोटांची जाण गेली गं, पाणी बुळबुळीत लागतच नाही. मुलाने एवढं पाणी आणलं आणि माझेच हात मेले. मग मला म्हणाले, की हे त्याला कळवू नकोस, तो उगाच वाईट वाटून घेईल.

मी त्यांचे हात पुसले, आणि म्हटलं, हो बाबा, वय झालं आता.

तू ये. मारून घ्यायला येऊ नकोस. तुला हलकं वाटावं म्हणून ऐंशी वर्षांच्या माणसाकडून मुलगा काढून घ्यायचा नाही. ते तुला काठावर घेऊन जातील, लोकांना बोलावतील, तुझी ओळख करून देतील. उभा राहा. मग एकटे असताना कधीतरी ते आपले हात तुला दाखवतील. ते हातात घे आणि वय झालं म्हण. पाणी चांगलं आहे म्हण.

येताना छकुलीला आण. तुझ्यावर जीव होता तेवढाच आहे, त्यात काही पातळ झालं नाही.

तुझी ताई